जुम्याचं बयान आणि रविवारचं गाणं

"काऊन मियां, धर्म बदलवला का बे?"

मागच्या सोमवारी सकाळी वडनेरच्या स्टँडवर चहा पिताना मला हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणारा हसत होता, मीही हसलो. चहाचे पैसे त्यानेच दिले. त्याच दिवशी संध्याकाळी घरी मोठ्या भावाने तोच प्रश्न विचारला, पण तो हसत नव्हता. "तुम उधर जाके क्या साबित करना चाहते? और अपने खेत का पहला कपास चर्च में? उश्र निकाला था पहले?"

स्टँडवरच्या माणसाला मी काही बोललो नाही. भाईजानला एवढंच म्हणालो की उश्र वेगळा काढलेला आहे. खरं उत्तर दोघांनाही दिलं नाही, कारण ते चहाच्या एका कपात मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. भाईजान हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मुलगा वाचतो आणि त्यांना सांगतो, हे मला माहीत आहे.

आधी आम्हा तिघांची ओळख करून देतो. वर्ध्याच्या कॉलेजात असताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. एकाला आम्ही 'बास' म्हणतो, कारण तो चर्चच्या क्वायरमध्ये सगळ्यात खालच्या पट्टीत गातो. आता नागपूरला असतो. दुसरा 'खंजिरी'. तो तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातला. गावात सामुदायिक प्रार्थना असली की खंजिरी त्याच्या हातात. तिसरा मी, 'मियां'. आज हा शब्द ज्या सुरात फेकला जातो तो सूर त्या खोलीत नव्हता, म्हणून या दोघांच्या तोंडून मी तो अजून ऐकून घेतो. दुसऱ्या कोणी म्हटलं तर विचार करतो.

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एखाद्या शनिवार-रविवारी आम्ही भेटतो. पाऊस गेलेला असतो, सोयाबीन सोंगून झालेलं असतं, कापसाची पहिली बोंडं फुटलेली असतात आणि हातात अजून पैसा आलेला नसतो. बासच्या चर्चमध्ये त्याच सुमारास सुगीचा सण असतो. दरवर्षी मी बरोबर जेवणाच्या वेळेला पोचायचो. यंदा बासने बजावलं, "जेवायला येणारा पाहुणा खूप झाला. यंदा गाणं ऐकायला ये. आणि येताना तुझ्या वावरातला पहिला वेचा आण. सगळे भोपळेच आणतात रे, कापूस कोणी आणत नाही."

शनिवारी सकाळी आमच्या वावरात वेचणी सुरू झाली. पहिल्या वेच्याच्या दिवशी वेचणाऱ्या बाया सीतादही करतात. पऱ्हाटीच्या एका झाडापाशी दहीभात ठेवतात, चार बोंडांचा कापूस त्यावर घालतात, मग ओटी बांधून कामाला लागतात. आमचे अब्बा जमाती माणूस होते. पाच वक्ताची नमाज कधी चुकली नाही. पण सीतादहीचं दही आमच्याच घरून जायचं. कोणी टोकलं तर म्हणायचे, "बाया त्यांच्या रीतीनं शुक्र करून राहिल्या, आपण आपल्या रीतीनं करू. दही तं दोन्हीकडं गाईचंच हाय." अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली. दही अजून जातं. अम्मी देते.

पावणेतीन किलो कापूस पिशवीत भरला आणि दुपारी खंजिरीच्या गाडीत बसलो.

वाटेत आधी सेवाग्रामला गेलो. हा खंजिरीचा हट्ट होता. संध्याकाळची प्रार्थना चुकवायची नाही म्हणाला. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, पुढे १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. वर्धा जिल्ह्यातल्या पोराला हे शाळेत पाठ करावं लागतं, त्यामुळे आम्ही तिथे फारसे जात नाही. जवळचं देऊळ आणि जवळचा आश्रम, दोन्ही पाहुण्यांसाठी असतात. पण तिथल्या मोकळ्या मैदानावर, वाळूवर बसून ती सर्वधर्म प्रार्थना ऐकताना माझ्या बाजूला एका खादीतल्या आजोबांनी सूरह फातिहा म्हटली. पूर्ण, आणि अस्सल मराठी उच्चारांत. ऐन आणि अलिफ एकच, हे आणि हेही एकच. आमचे मौलाना ऐकते तर कानावर हात ठेवते. मला मात्र आवडली. आश्रमाच्या प्रार्थनेत कुराणातल्या आयती आणण्यात अब्बास तय्यबजींच्या मुलीचा, रैहाना तय्यबजींचा हात होता. त्या स्वतः मीरेची भजनंही गात.

चर्चमधली गाणीही गांधीजींना प्रिय होती. न्यूमनचं 'लीड काइंडली लाइट' त्यांना इतकं भावलं की नरसिंहराव दिवेटियांनी केलेला त्याचा गुजराती अवतार आश्रमाच्या प्रार्थनेत आला. आणि हेन्री लाइटचं 'अबाइड विथ मी'. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीटने होते. तिथे सैन्याचं बँड ते वर्षानुवर्षं वाजवत आलं. २०२२ साली ते कार्यक्रमातून काढलं. कारण दिलं गेलं ते भारतीय सुरांचं. भारतीय सूर वाजवावेत, माझी काही हरकत नाही. पण सूर कुठला हे कसं ठरवायचं, असा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय. जे गाणं सेवाग्रामच्या मातीत बसून ऐकलं गेलं, ते सात समुद्रापलीकडचं कसं राहिलं? हाच प्रश्न उलटा आपल्याकडेही वळतो. फातिहा आजोबांच्या तोंडी मराठी झाली, तशी ती आमच्या घरात झाली का? शनिवारी वाळूवर बसून मी एवढाच विचार केला आणि मग डास चावायला लागले.

रात्री नऊला नागपूरला पोचलो तर बासच्या घरी तालीम चालू होती. बैठकीत दहाबारा जणं, एक पेटी, एक तबला आणि कोपऱ्यात कीबोर्ड. मी बूट काढून भिंतीला टेकून बसलो. चार आवाजांत गाणं म्हणजे काय, हे मला इतकी वर्षं मैत्री असून माहीत नव्हतं. मला वाटायचं सगळे मिळून एकच चाल गातात. तसं नाही. एकाच ओळीला बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चार वेगळे रस्ते असतात आणि चौघं एका ठिकाणी पोचतात. बासचा रस्ता सगळ्यात कंटाळवाणा. तो बराच वेळ एकाच सुरावर उभा असतो. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "मी हटलो का, मग पाय कसं होते." आणि तो एका कडव्यात मुद्दाम गप्प बसला. खरंच, गाण्याखालची जमीनच सरकल्यासारखं झालं.

तालमीत भांडणही झालं. बासच्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना गिटारवरचं एक हिंदी गाणं हवं होतं. म्हाताऱ्यांना 'उपासना संगीत'मधलंच हवं होतं. मुलगी बापाला म्हणाली, "पप्पा, टिळकांची मराठी मला कळतच नाही. निम्मे शब्द संस्कृत आहेत." बासला राग आला. मला मात्र ती पोरगी आवडली, कारण ती खरं बोलत होती.

टिळक म्हणजे ना. वा. टिळक. नागपूरशी त्यांचा संबंध जुना, अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते इथे राहिले होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या घरावर काय गुदरलं ते सांगायला नको. ज्यांनी वाचली नाहीत त्यांनी हा लेख इथेच सोडून ते पुस्तक घ्यावं, मी वाईट वाटून घेणार नाही. टिळकांनी काय केलं? चर्चमध्ये तोवर इंग्रजी चालींवर बसवलेली ओबडधोबड भाषांतरं गायली जात. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, भजन-कीर्तन चर्चमध्ये आणलं. तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलो, असं ते मानत. त्यांच्याही आधी, १६१६ साली गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जन्माने इंग्रज असलेल्या त्या जेझुइटाने अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या लिहिल्या. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसालाही चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं की इथल्या माणसाच्या काळजात शिरायचं तर दार कुठल्या भाषेचं आहे.

आमच्याकडे असं काही नव्हतं, असं कोणी समजू नये. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीतच 'योगसंग्राम' लिहून गेले. अंबर हुसेनने गीतेवर मराठीत टीका लिहिली. पण ते सगळं अभ्यासकांच्या कपाटात राहिलं. मशिदीत आलं नाही.

रविवारी सकाळी चर्च गच्च भरलेलं. पुढे वेदीपाशी भोपळे, तांदूळ, केळीचा घड, अंबिया बहाराची पहिली संत्री, सीताफळांची टोपली, कोणाच्या तरी परसातले दोडके. आणि माझी पिशवी. तोंड उघडं ठेवलं होतं, कापूस वर आलेला. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो, खंजिरी माझ्या बाजूला. लोक उभे राहिले की आम्ही उभे राहायचो. गुडघे टेकले की आम्ही खाली पाहत बसायचो. कोणी आम्हाला काही म्हणालं नाही.

भाईजान, इथे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. मी तिथे इबादत केली नाही. ख्रिस्ताबद्दल ते जे मानतात ते मी मानत नाही, मी जे मानतो ते ते मानत नाहीत, आणि हे आम्हा दोघांना नीट माहीत आहे. ईसा अलैहिस्सलाम आपलेही पैगंबर आहेत, पण देवाचा मुलगा म्हणून नाहीत. हा फरक लपवून गोड गोड बोलण्यात मला रस नाही. बासलाही नाही. फरक तिथेच राहिला आणि मी गाणं ऐकलं. ऐकण्याने ईमान जात असेल तर ते फार हलकं बसलेलं असणार.

माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी बाई होती. हातात पुस्तक नव्हतं. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नसावं. पण प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द तिला येत होता, आणि नुसता येत नव्हता, कळत होता. एका ठिकाणी ती गाता गाता थांबली, पदराने डोळे पुसले आणि पुढच्या ओळीला परत लागली. मला अम्मी आठवली. अम्मीने आयुष्यभर नमाज पढली, रोज तिलावत केली, आणि त्यातला शब्द न् शब्द कुराणाचा आहे म्हणून डोळ्याला लावला. पण त्या बाईसारखी मधेच एखाद्या शब्दापाशी ती थांबलेली मी पाहिली नाही. थांबायला शब्द कळावा लागतो.

मग पास्टरांचं प्रवचन झालं. विषय सुगीचा, म्हणून रूथची गोष्ट. परक्या देशातून आलेली विधवा सून, सासूला सोडून जात नाही, दुसऱ्याच्या शेतात कापणी चाललेली असताना मागे पडलेली कणसं वेचून दोघींचं पोट भरते. शेताचा मालक गड्यांना सांगतो की तिला अडवू नका, मुद्दाम थोडं मागे पडू द्या. हे सांगताना पास्टरांनी एक शब्द वापरला, 'सरवा'. कापणीनंतर वावरात राहिलेलं, गरिबाने वेचायचं, ते धान्य. हा आमच्या घरातला शब्द आहे. अम्मीच्या तोंडी रोजचा. मी चर्चच्या बाकावर बसलो होतो आणि मला आमचं वावर दिसलं. सोयाबीन निघाल्यावर शेंगा वेचायला येणाऱ्या बाया आणि बांधावर उभे राहून दुसरीकडे बघणारे अब्बा. ते मुद्दाम बघायचे नाहीत, म्हणजे बायांना लाज वाटू नये.

आणि त्याच क्षणी मला सूरह कलममधली बागवाल्यांची गोष्ट आठवली. बागेच्या मालकांनी रात्री शपथ घेतली की पहाटेच जाऊन फळं तोडू, म्हणजे गरीब लोक मागायला येणार नाहीत. इन्शाअल्लाह म्हटलं नाही. ते झोपलेले असताना बागेवर आफत आली. पहाटे हळू आवाजात एकमेकांना 'आज कोणी गरीब आत येऊ द्यायचा नाही' असं बजावत गेले, तर बाग ओळखूही येईना. ही गोष्ट मी जुम्याच्या बयानात उर्दूत किती वेळा ऐकली असेल. पण मला ती कळली ती घरी, जेवताना, अब्बांकडून.

आमच्याकडे दर शुक्रवारी असं व्हायचं. बायका मशिदीत जात नाहीत. बयान लाउडस्पीकरवरून घरात ऐकू यायचं आणि त्यातलं निम्मं हवेत विरायचं. घरी आम्ही जी भाषा बोलतो तिला उर्दू म्हटलं तर कामठीचे उर्दूवाले हसतील. निम्मी वऱ्हाडी, निम्मी हिंदी, वर दोन थेंब दखनी. अम्मी चौथी शिकली ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. म्हणून अब्बा नमाजेवरून आले की ताटावर बसता बसता अम्मी विचारायची, "क्या बोले मौलाना?" आणि अब्बा सांगायचे, वऱ्हाडीत. बागवाल्यांची गोष्ट त्यांनी हिंगणघाट तालुक्यात आणून ठेवली होती. बागेत संत्री होती, मालकांनी पहाटेच ट्रॅक्टर लावला होता. अम्मी भाकर थापता थापता "हाय अल्ला" म्हणायची. आम्ही पोरं हसायचो. पण गोष्ट लक्षात राहिली.

अब्बा गेले आणि 'क्या बोले मौलाना' हा प्रश्न घरातून गेला. पहिल्या काही शुक्रवारी अम्मीने मला विचारलं. मी काय सांगायचो? "अच्छा बोले." ती पुढे विचारेनाशी झाली. माझ्या दोन्ही मुली मराठी शाळेत जातात. त्यांना बयान म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भोंग्यातून येणारा एक आवाज. चर्चमध्ये त्या म्हातारीच्या मागे बसून मला जी लाज वाटली ती याची होती. भाईजान, उरलेलं अर्धं उत्तर हे आहे.

लिलाव मजेत झाला. सुगीच्या सणाला वाहिलेला माल मग बोलीवर विकतात आणि पैसे आजारी माणसांच्या मदतीला जातात. भोपळ्यासाठी दोन कुटुंबांत खुन्नस लागली. माझा पावणेतीन किलो कापूस रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांनी सहाशे रुपयांना घेतला, उशीत भरायला म्हणे. सरकीसकट! हिंगणघाटच्या बाजारात त्या भावाने कोणी उभंही करणार नाही. खंजिरी म्हणाला, "मियां, पुढच्या वर्षी पुरा कापूस इथंच आणू." त्यांच्याकडे कमाईचा दहावा हिस्सा देण्याची रीत आहे, दशमांश. आपल्याकडे पावसावरच्या पिकाचा दहावा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा, तो उश्र. पेरणाऱ्याचा घाम आणि विहिरीचा खर्च दोन्ही धरून केलेला हिशोब आहे हा. विदर्भातल्या किती मुसलमान शेतकऱ्यांना तो माहीत आहे? मला अब्बांनी जेवताना सांगितला म्हणून माहीत आहे.

परतीला तिघंही निघालो, कारण गिरडला रोडगे करायचे ठरले होते. बुटीबोरी आलं तसं बासने टाकळघाटच्या दिशेला बोट दाखवलं. "हिस्लॉप तिकडे गेला." नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, माणूस कोणाला माहीत नसतो. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचा पाद्री, १८४५ मध्ये नागपूरला आला. शाळा काढली, दगडांतले जीवाश्म गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेला. त्याच्यामागे त्याचे कागद सर रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. त्यात गोंडांचं लिंगोचं लांबलचक गाणं आहे, गोंडी शब्दांसकट. स्वतःचं गाणं शिकवायला आलेला माणूस दुसऱ्याचं गाणं उतरवून घेत बसला होता. त्याला कोणी विचारलं असेल का, 'धर्म बदलवला का?' म्हणून? बास म्हणाला, "मिशनवाल्यांनी नक्की विचारलं असेल."

गिरडची टेकडी वर्धा जिल्ह्यातल्या सगळ्यांच्या ओळखीची. वर शेख फरीद बाबांचा दर्गा. पाकपट्टणचे बाबा फरीद इथे येऊन राहिले अशी श्रद्धा आहे. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, जायफळ-सुपारीसारखे. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल त्यांनी दगड केला, मग माफी मागितल्यावर सुक्या पानांतून नवा माल करून दिला, अशी गोष्ट आहे. हिस्लॉप असता तर त्याने दगड हातोडीने फोडून पाहिले असते. गिरडला गेलो म्हणूनही मला बोलणी बसतात, आणि ती आपल्याच लोकांकडून. दर्ग्यात कशाला जाता, हे बिदअत आहे वगैरे. म्हणजे चर्चला जाऊ नये, दर्ग्याला जाऊ नये, सेवाग्रामला जाऊ नये. मग रविवारी जावं कुठे, मॉलमध्ये?

रोडगे खंजिरीने लावले, वांग्याची भाजी मी केली, बासने नुसत्या सूचना केल्या. जेवण झाल्यावर टेकडीच्या पायथ्याशी खंजिरीने भजन म्हटलं, बासने त्याखाली आपला एक सूर धरला. मला गाता येत नाही. मी भांडी घासली.

सोमवारी स्टँडवरचा आणि घरातला प्रश्न झाला. मंगळवारी मी आमच्या इमामसाहेबांना भेटलो. ते तरुण आहेत, बिहारमधले, शेतकऱ्याच्या घरातले. पगार किती तो सांगायला मला लाज वाटते. वर्षभरात 'येऊन रायलो' म्हणायला शिकलेत. मी म्हटलं, केरळात कितीतरी मशिदींत खुतबासुद्धा मल्याळममध्ये होतो, तमिळनाडूत बयान तमिळमध्ये होतं. अरबी खुतब्याला हात लावायला मी म्हणत नाही. त्याआधीचं बयान तरी मराठीत का नसावं? मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "भाईजान, मुझे मराठी आती तो मैं ख़ुद बोलता. मेरी अम्मी को भी उर्दू नहीं आती, वो मैथिली बोलती हैं."

अडचण कमिटीतल्या एका बुजुर्गांची होती. ते म्हणाले, "उर्दू भी चली जाएगी तो हमारे पास बचेगा क्या?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी आयुष्यभर पोरांना फुकट उर्दू शिकवली आहे. अलिफ-बे मीही त्यांच्याकडूनच शिकलो. उर्दू गेली तर माझंही काहीतरी जाईल. पण ती वाचवायची तर शिकवून वाचवायला हवी. न कळणाऱ्या माणसांना दर शुक्रवारी ऐकवून ती वाचत नाही, उलट तिच्याबद्दल मनात परकेपणा येतो. आणि मराठी ही काही दुसऱ्यांची भाषा आपण उसनी घेतोय असं नाही. आपण त्यात सौदा करतो, भांडतो, सातबारा वाचतो, मयतीला रडतो. फक्त अल्लाहचं बोलताना ती दाराबाहेर चपलांसोबत ठेवतो. टिळकांचा मार्ग मला हवा आहे असं नाही. आमच्या नमाजेत गाणं नाही, आणि मला ते आणायचंही नाही. त्या म्हातारीला जे मिळत होतं ते अम्मीला मिळावं, एवढंच मागणं आहे. आणि बासच्या मुलीचं बोलणंही ध्यानात ठेवायला हवं, नाहीतर मराठीच्या नावाखाली आपण ग्रंथातली अवघड भाषा आणू आणि अम्मी पुन्हा बाहेरच राहील.

तोड अशी निघाली. बयान उर्दूतच होईल. नमाजेनंतर, ज्यांना थांबायचं ते थांबतील, त्याच लाउडस्पीकरवर पाच मिनिटं मराठीत सार सांगितलं जाईल. कोण सांगणार, असं बुजुर्गांनी विचारलं आणि इमामसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आलिम नाही. कापूस विकतो. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, लिहून आणा, मी आधी ऐकून घेईन, चूक असेल तर सांगेन.

या शुक्रवारी बागवाल्यांची गोष्ट आहे, मीच मागून घेतली. काल रात्री लिहायला बसलो. भाईजानचा मुलगा मदतीला आला होता, म्हणजे खबर वर पोचलेली आहे. 'मिस्कीन'ला गरीब, 'तस्बीह'ला अल्लाहची आठवण, इथवर जमलं. पण त्या मालकांनी नेमकं काय अडवलं, ते एका शब्दात बसेना. 'गरिबांचा हिस्सा' लिहिलं, खोडलं. 'दान' लिहिलं, तेही खोडलं, कारण ते दान नव्हतं, हक्क होता. अम्मी पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, "सरवा लिख ना."

लिहिलं आहे. दीड पान झालंय, पाच मिनिटांत वाचून होतं का ते आज घड्याळ लावून बघायचं आहे.